कांजूरला पाणी का उसळत नाही

मध्य रेल्वेच्या कांजूरमार्ग स्थानकातून पश्चिमेला उतरून लाल बहादूर शास्त्री मार्ग ओलांडला की जमीन पवईच्या टेकड्यांकडे चढू लागते. पूर्वेला मात्र द्रुतगती महामार्गाच्या पलीकडे ती सपाट होत जाते आणि मिठागरे, कांदळवन, चिखल असे टप्पे घेत ठाण्याच्या खाडीत उतरते. टेकड्यांच्या मागे ओळीने तीन तलाव आहेत: विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा, पवई १८९१ चा. त्यांना लागून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल. या पट्ट्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता. एवढे पाणी उंचावर आणि एवढी सखल जमीन पायथ्याशी असताना, पायथ्याला खोल भोक पाडले तर पाणी आपल्याच जोराने वर का येऊ नये, हा प्रश्न रास्त आहे. प्रत्यक्षात तसे होत नाही. कांजूरमधल्या बोअरवर पंप बसवावे लागतात. जमिनीतून पंपाशिवाय वाहणारी विहीर पाहायची तर इथून दूर जावे लागते. या नकाराची कारणे नीट तपासली तर उसळत्या पाण्याचे सगळे शास्त्र हाती येते. माझे म्हणणे असे, की आपणहून वर येणाऱ्या पाण्याचे कारण ते जिथे दिसते तिथे कधीच नसते. ते दूरच्या, उंचावरच्या जमिनीत आणि मधल्या खडकाच्या ठेवणीत असते. म्हणून असे पाणी पाहायला गेलेल्याने कुंडात डोकावून झाल्यावर आजूबाजूचे डोंगरही पाहिले पाहिजेत.

आधी यंत्रणा समजून घेऊ. इमारतीच्या गच्चीवर टाकी असते, तिथून नळ खाली येतो, तळमजल्यावर तोटी उघडली की पाणी जोराने पडते. जोर तोटीत नसतो, टाकीच्या उंचीत असतो आणि मधला पाइप फुटका नसल्यामुळे तो टिकतो. दाबाखालच्या पाण्याच्या, म्हणजे आर्टेशियन, विहिरीत टाकीच्या जागी डोंगरावर उघडा पडलेला सच्छिद्र थर असतो. पाइपच्या जागी तोच थर खाली उतरत गेलेला असतो आणि त्याच्या वर-खाली पाणी न झिरपू देणारे थर असतात. सखल भागात वरचा बंद थर भेदला की अडकलेले पाणी वर चढते. ते किती चढेल हे उगमाकडच्या पातळीवर ठरते. जमिनीच्या वर आले तर विहीर वाहते. जमिनीखालीच कुठे थांबले तर वाहत नाही, पण तेही दाबाखालचेच पाणी. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

पॅरिसच्या सोळाव्या विभागातल्या स्क्वेअर लामार्तीन या सार्वजनिक बागेत आजही लोक बाटल्या आणि कॅन घेऊन येतात आणि नळावर असे खोलातले पाणी भरून नेतात. ती पासीची विहीर. १८५५ ते १८६१ अशी सहा वर्षे तिचे खोदकाम चालले आणि ती साडेपाचशे मीटरच्याही खाली गेली. तिच्या आधीची ग्रनेलची विहीर १८३३ मध्ये सुरू झाली आणि २६ फेब्रुवारी १८४१ रोजी ५४८ मीटरवर तिला पाणी लागले. ते थेट जमिनीवर उसळले, आणि कोमट, सुमारे २८ अंशांचे होते. हे पाणी पॅरिसमध्ये पडलेल्या पावसाचे नाही. शहराच्या पूर्वेला आणि आग्नेयेला शंभर-दीडशे किलोमीटरवर वाळूचा जो थर उघडा पडला आहे, तिथे हजारो वर्षांपूर्वी मुरलेला तो पाऊस आहे. म्हणजे बागेतल्या नळाचे कारण शोधायला शॅम्पेन प्रांतात जावे लागते.

अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातर्फे टी. सी. चेंबरलिन यांनी १८८५ मध्ये अशा विहिरींसाठी सात अटी मांडल्या. पाणी वाहू देणारा थर हवा. त्याच्या खाली आणि वर पाणी अडवणारे थर हवेत. थरांना कल हवा. उंचावर थराची कड उघडी हवी, पाऊस पुरेसा हवा, आणि विहिरीच्या पातळीपेक्षा खाली पाण्याला निसटायला दुसरी वाट नको. एवढ्या वर्षांनंतरही या अटी उपयोगी पडतात. कांजूरला त्या लावून पाहिल्या तर पहिल्या नजरेला बहुतेक पुऱ्या होतात असे वाटते, आणि फसगत होते ती इथेच.

पावसाबद्दल वाद नाही. वरच्या बंद थराबद्दलही पूर्वेकडे वाद नाही, आणि त्याचा पुरावा शोधायला प्रयोगशाळेत जावे लागत नाही, मिठागरे पुरतात. मिठागराचे वाफे म्हणजे बांध घालून आखलेली उथळ, सपाट जमीन. भरतीचे पाणी त्यांत घ्यायचे, उन्हात आटवायचे, दाट झालेले पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचे आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरू द्यायचे. हे सगळे दिवसेंदिवस चालते आणि त्या काळात पाणी जमिनीत मुरून जाता कामा नये, फक्त हवेत जायला हवे. तळ पाझरता असता तर कोणत्याही आगरात मीठ पिकले नसते. कांजूर, भांडुप, मुलुंडच्या खाडीकाठाला पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकले, कारण तिथे खाडीने आणून टाकलेल्या चिकट, काळसर मातीचा थर आहे. त्या मातीखाली झिजलेला मुरूम आणि त्याखाली भेगाळलेला काळा कातळ येतो. वर झाकण, खाली पाणी धरणारा खडक, बाजूला डोंगर. मग अडते कुठे?

अडते ते कलापाशी. मुंबईचा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्हाचा आणि त्याच्या शेवटच्या टप्प्यांचा आहे. घाटमाथ्यावर हे थर जवळजवळ आडवे दिसतात. लोणावळ्याच्या कड्यांवरच्या सरळ रेषा रेल्वेच्या खिडकीतूनही ओळखू येतात. पण पनवेल-कल्याणच्या आसपास थर पश्चिमेकडे वाकतात. भूवैज्ञानिक याला पनवेलची वळी म्हणतात. तिच्या पश्चिमेला, म्हणजे सगळ्या मुंबईत, थर समुद्राच्या दिशेने झुकलेले आहेत. कल साधारण पाच ते पंधरा अंशांचा. हा आकडा कागदावर किरकोळ वाटतो, पण दहा अंशांच्या कलाने एक किलोमीटर अंतरात थर सुमारे १७५ मीटर खाली जातो. आता कांजूर पुन्हा पाहा. जमिनीचा उतार पवईकडून खाडीकडे, पश्चिमेकडून पूर्वेला. खाली थरांचा उतार नेमका उलट, पूर्वेकडून पश्चिमेला. पवईच्या टेकडीवर जो थर उघडा पडला आहे तो पूर्वेला कांजूरकडे खाली उतरत येतच नाही. तो पूर्वेकडे उंच होत जातो, म्हणजे एके काळी तिथे आकाशात होता आणि केव्हाच झिजून गेला. कांजूरच्या मिठागरांखाली असलेले थर पवईच्या थरांहून जुने आहेत, आणि त्यांचे पाणी पश्चिमेकडे खोल जायला बघते. जमिनीचा आकार पाहून मनात उभे राहिलेले चित्र खडकाने उलटवले. जमिनीचा उतार डोळ्यांना दिसतो, थरांचा कल कापलेल्या डोंगरात किंवा बोअरच्या चुऱ्यातच कळतो. म्हणून पाण्याबद्दलचे आपले अंदाज इतक्या वेळा चुकतात.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. पाणी काही फक्त थरांच्या दिशेने वाहत नाही. बेसॉल्ट उभ्या-आडव्या भेगांनी भरलेला आहे. पवईच्या टेकडीवर मुरलेले पाणी थर ओलांडत भेगांमधून खाडीकडे येऊ शकते, आणि थोडेफार येतेच. खरे आहे. पण हाच आक्षेप चेंबरलिन यांच्या शेवटच्या अटीपर्यंत नेऊन पोचवतो. ज्या भेगांमुळे पाणी थर ओलांडून येते, त्याच भेगांतून ते वाटेत बाहेरही पडते. टेकडीच्या पायथ्याशी ओढ्यात, नाल्यात, जुन्या विहिरींत, शेवटी खाडीत. दाब साठायला पाणी कोंडावे लागते. शिवाय कातळाची साठवण मुळात तुटपुंजी. देशातल्या भूजलाचा अंदाज बांधण्यासाठी १९९७ मध्ये ठरलेल्या निकषांत सच्छिद्र, भेगाळ बेसॉल्टमध्ये पावसाचे शंभरातले १३ भाग मुरतात असे धरले आहे, आणि झिजलेल्या बेसॉल्टमध्ये ७. उरलेले वाहून जाते किंवा वाफ होते. मुंबईसारख्या ठिकाणी जमीन जसजशी सिमेंटने झाकत गेली, तसतसा हा वाटाही घटला असणार. पॅरिसखालचा वाळूचा थर शेकडो किलोमीटर सलग पसरलेला आहे. आपला कातळ तुकड्यातुकड्यांनी पाणी धरतो.

मग पावसाळ्यात कोकणात काही ठिकाणी बोअर भरून वाहतात, हातपंप न हापसता गळतात, ते काय? श्रावणात अशी दृश्ये दिसली की गावात गर्दी जमते, आणि ती पाहून कोणी म्हणेल की आर्टेशियन पाणी आपल्याकडेही आहे. असे बोअर बहुधा डोंगराच्या पायथ्याशी असतात. वरच्या उतारावरच्या भेगा पावसाने काठोकाठ भरतात, वर मातीचे किंवा घट्ट खडकाचे झाकण असते, आणि काही आठवडे पाण्याची पातळी बोअरच्या तोंडाच्या वर राहते. म्हणजे सातही अटी तात्पुरत्या पुऱ्या होतात. पाऊस थांबला, वरच्या भेगा रित्या झाल्या की वाहणे थांबते. हे खरेखुरे आर्टेशियन पाणीच आहे, फक्त त्याचे कोठार लहान आहे. त्यामुळे हा आक्षेप माझ्या म्हणण्याला बळच देतो: बोअर तोच, खोली तीच, खडक तोच, बदलली फक्त डोंगरावरच्या पाण्याची पातळी, आणि तेवढ्याने विहीर वाहू लागली किंवा थांबली.

मुंबईत कल मदतीला येतो अशी जागा पाहायची असेल तर वाळकेश्वरला बाणगंगेवर जावे. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी तलावात गोडे पाणी, तेही शतकानुशतके. या तीर्थाची परंपरा शिलाहारांच्या काळापर्यंत मागे जाते. बाण मारून पाणी काढल्याची रामकथा सर्वांना ठाऊक आहे. भूगोल असा, की मलबार हिलचे थरही पश्चिमेकडे झुकलेले आहेत आणि बाणगंगा टेकडीच्या समुद्राकडच्या अंगाला आहे, म्हणजे थर ज्या बाजूला उतरतात त्याच बाजूला. मलबार हिल आणि वरळीच्या टेकड्यांत लाव्हाच्या थरांमध्ये जुन्या तळ्यांत साचलेल्या गाळाचे थर सापडतात. वरळीच्या या थरांत बेडकांचे जीवाश्म मिळाले आहेत. असा बारीक गाळाचा खडक पाणी खाली जाऊ देत नाही, ते कलाच्या दिशेने पुढे सरकते आणि टेकडी संपते तिथे बाहेर येते. बाणगंगा ही उसळणारी विहीर नाही, झऱ्याचे तळे आहे. पण कांजूरला उतार आणि कल एकमेकांच्या विरुद्ध आहेत आणि इथे ते एका दिशेने आहेत, एवढा फरक पाणी दिसण्या-न दिसण्याला पुरतो. बाणगंगेच्या पायऱ्यांवर उभे राहून मागची मलबार हिल पाहणाऱ्याला त्या तळ्याचे कोठार दिसते, आणि त्यावरच्या इमारतींचे पाये किती खोल गेले आहेत हा प्रश्न आपोआप पडतो.

खऱ्या अर्थाने खालून वर येणारे पाणी कांजूरपासून सर्वांत जवळ आहे ते वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी इथे, तानसा नदीच्या काठाने. कोकणात पालघरपासून राजापूरपर्यंत सुमारे तीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात अशी अठरा ठिकाणे नोंदली गेली आहेत, आणि त्यांचे पाणी ३४ पासून ७१ अंशांपर्यंत गरम आहे. गणेशपुरीच्या कुंडात उतरण्यापूर्वी काठावर दोन मिनिटे थांबून तळाकडे पाहावे. बुडबुड्यांच्या माळा तळातून ठरावीक जागांवरूनच वर येत असतात. एक माळ तुटते, थोड्या वेळाने त्याच फटीतून पुन्हा सुरू होते. पाणी उकळत असल्यामुळे हे होते असे बघणाऱ्यांना वाटते. पण पाणी पन्नास अंशांच्या आसपासचे असते आणि उकळायला शंभर लागतात. बुडबुडे वायूचे आहेत, आणि कोकणातल्या गरम झऱ्यांतला हा वायू मुख्यतः नायट्रोजन आहे, सोबत थोडा हेलियम. या दोन वायूंत पाण्याचा सारा प्रवास नोंदलेला आहे. नायट्रोजन हवेतला: पाऊस पडताना आणि मुरताना पाण्याने हवा विरघळवून घेतली, वाटेत खडकाने प्राणवायू खाऊन टाकला, नायट्रोजनला कोणी विचारले नाही म्हणून तो उरला. हेलियम खडकातल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या ऱ्हासातून तयार होतो आणि अतिशय सावकाश साठतो. तो मिळतो म्हणजे पाणी खडकात दीर्घ काळ राहून आले. ज्वालामुखीने खालून ताजे पाणी पाठवले असते तर वायूंचे मिश्रण असे नसते. कोकणातल्याच तुरळ-राजवाडीच्या झऱ्यांवर ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी पाण्याच्या समस्थानिकांचा अभ्यास केला, त्यातूनही हे मुळात पावसाचेच पाणी असल्याचे दिसले.

यावर असे म्हणता येईल की गरम झऱ्याला डोंगराच्या उंचीची गरज काय? गरम पाणी हलके असते, ते आपणहून वर येईल. हा मुद्दा आकड्यांनी तपासता येतो. खोलीबरोबर तापमान दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश वाढते. कोकणात जमिनीवरचे सरासरी तापमान २७ अंशांच्या आसपास. म्हणजे ६० अंशांच्या पाण्याला किमान किलोमीटरभर खाली जाऊन यावे लागते. २७ अंशांच्या पाण्यापेक्षा ६० अंशांचे पाणी शेकडा सव्वा भागाने हलके असते. एक किलोमीटर उंचीच्या स्तंभात याचा फायदा तेरा मीटरच्या आसपास. तेरा मीटर ही नगण्य गोष्ट नाही, पण तो फायदाही पूर्ण मिळत नाही, कारण वर येताना पाणी थंड होते आणि अरुंद भेगांत घर्षणाने जोर खर्च होतो. शिवाय ते पाणी एक किलोमीटर खाली कोणी ढकलले, हे उष्णतेने सुटत नाही. उष्णता हातभार लावते, पण भोवतालचे डोंगर आणि त्यांवरचा पाऊस वगळला तर हिशेब जुळत नाही. गणेशपुरीभोवती डोंगरांची कमी नाही, आणि तानसेचे खोरे त्या भागातली सर्वांत सखल रेघ आहे. भेग जिथे खोऱ्याला छेदते तिथे पाणी बाहेर पडते.

सर्वांत कठीण आक्षेप राजापूरच्या गंगेचा आहे. रत्नागिरी जिल्ह्यात राजापूरजवळ उन्हाळे गावाच्या डोंगरउतारावर चौदा कुंडे आहेत. एरवी ती कोरडी असतात. साधारण दर तीन वर्षांनी, बहुतेकदा ऐन उन्हाळ्यात, भोवतालच्या विहिरी आटलेल्या असताना वडाच्या मुळाशी मूळ गंगेला पाणी फुटते, कुंडे भरतात, काही आठवडे किंवा दोन-तीन महिने वाहतात आणि गंगा निघून जाते. अलीकडे हे वेळापत्रक मोडले असून ती लागोपाठच्या वर्षांतही आली आहे. पाऊस आणि उंची हेच कारण असेल तर हे पाणी भाद्रपदात यायला हवे. ते वैशाखात कसे येते? याला नेहमी दिले जाणारे उत्तर वक्रनलिकेचे आहे: डोंगरातल्या पोकळीत पाणी हळूहळू साठते, वाकड्या वाटेच्या माथ्यापर्यंत चढले की एकदम ओढले जाते आणि पोकळी रिती होईपर्यंत वाहते. जगात अशा थांबून-थांबून वाहणाऱ्या झऱ्यांची जुनी उदाहरणे आहेत. इटलीत कोमो सरोवराकाठच्या झऱ्याचा चढ-उतार रोमन लेखक प्लिनी यांनी पहिल्या शतकात वर्णिला. पण ते झरे तासांच्या हिशेबात वाहतात-थांबतात, आणि चुनखडीच्या प्रदेशात पाण्याने कोरलेल्या मोठ्या पोकळ्या असतात तिथे ही कल्पना सहज बसते. तीन वर्षांचे आवर्तन आणि लाव्हाचा कातळ यांच्याशी ती तितकी जुळत नाही. मला अधिक पटते ते असे: मोठ्या खोलीवरून येणाऱ्या पाण्याला मुरायला, खाली जायला आणि परत यायला इतका वेळ लागतो की वरचा ऋतू आणि खालचा दाब यांचे नाते तुटते, दाब एका मर्यादेपलीकडे गेला की भेग वाहू लागते. जवळच उन्हाळे गावाचा गरम झरा बारमाही आहे, म्हणजे खोलवरच्या पाण्याची वाट त्या डोंगरात आहेच. दोन्हींपैकी कोणतेही स्पष्टीकरण घेतले तरी पाणी पावसाचेच राहते आणि कोठार डोंगरातच राहते. बदलतो फक्त मधल्या उशिराचा हिशेब. गंगेच्या दर्शनाला येणाऱ्यांची श्रद्धा याने कमी व्हायचे कारण नाही. उलट ज्या डोंगरातून ती येते त्या डोंगरावर काय खोदले जाते, याकडे भाविकांनी सर्वांत आधी लक्ष द्यायला हवे.

जमिनीतून अचानक उसळलेल्या पाण्याला अमाप मानण्याची सवय घातक आहे. डिसेंबर २०२४ मध्ये राजस्थानात जैसलमेर जिल्ह्यातल्या मोहनगढजवळ सुमारे साडेआठशे फुटांवर बोअरला इतक्या जोराचे पाणी लागले की यंत्रासकट गाडी खड्ड्यात गेली आणि शेत तळे झाले. लगेच लुप्त सरस्वती सापडल्याची चर्चा सुरू झाली. भूजलतज्ज्ञांनी सांगितले की हे बंद थरातले दाबाखालचे पाणी आहे. दोन-तीन दिवसांत ते थांबलेही. दाब हा साठा असतो आणि तो खर्च होतो. पॅरिसमध्ये पासीची विहीर वाहू लागली तशी काही किलोमीटरवरच्या ग्रनेलची धार घटली, कारण दोघींचा थर एकच. ऑस्ट्रेलियात १७ लाख चौरस किलोमीटर पसरलेले आर्टेशियन खोरे आहे. १८७८ मध्ये तिथे पहिला वाहता बोअर झाला आणि मग हजारो झाले. पाणी उघड्या चरांतून मैलोगणती सोडले गेले, त्यातला बहुतेक भाग वाफ होऊन किंवा मुरून वाया गेला, दाब उतरला, अनेक नैसर्गिक झरे मेले. १९९९ पासून तिथली केंद्र आणि राज्य सरकारे पैसे घालून ते बोअर झडपांनी बंद करत आहेत आणि चरांच्या जागी पाइप टाकत आहेत. वाहते पाणी बंद करण्यासाठी सरकारने खर्च करावा हे आपल्याला विचित्र वाटेल, पण दाब परत मिळवायचा दुसरा मार्ग नाही. अमेरिकेतल्या डकोटाच्या वालुकाश्मात दाब घटताना पाहून ओ. ई. माइन्झर यांनी १९२८ मध्ये दाखवले की बंद थर लवचीक असतो: पाणी काढले की खडक किंचित दबतो आणि पाणी किंचित फुगते, त्यातूनच धार येते. म्हणजे विहीर वाहत असताना आपण पाण्यासोबत थराचा ताणही खर्च करत असतो.

हे सगळे कांजूरच्या माणसाला कशाला, जिथे पाणी उसळतच नाही? कारण न उसळणारे पाणीही दाबाखाली असू शकते, हे सुरुवातीला पाहिले. कांजूरला बोअर मारताना पाणी लागते एका खोलीवर आणि थोड्या वेळाने नळीत त्याच्या बरेच वर येऊन थांबते असे दिसले, तर ते पाणी बंद भेगांमधले आहे, त्याला वर चढवणारी उंची जवळच कुठेतरी आहे, आणि ती टेकडी काँक्रीटने झाकली तर ही पातळी उतरणार आहे. खाडीकाठी पातळी उतरण्याचा अर्थ गंभीर असतो. जिथे गोडे पाणी आणि खारे पाणी उघडपणे एकमेकांना भिडलेले असतात, तिथे समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची एक मीटर उंची असेल तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत खारे पाणी दूर राहते. वरची एक मीटर गेली की खालची चाळीस मीटर जातात. चिकण मातीचे झाकण शाबूत आहे तोवर कांजूरला काहीसा आधार आहे, पण पाया खोदताना, खांब उतरवताना, चर काढताना ते झाकण जागोजाग भोसकले जाते.

आणि झाकण शाबूत आहे की नाही हे तपासायला खाडीच मदत करते. ठाण्याच्या खाडीत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत कित्येक मीटरचा फरक पडतो. बंद थरावर त्या पाण्याचे वजन दिवसातून दोनदा पडते आणि दोनदा उठते; वजन पडले की थर दबतो आणि बोअरमधली पातळी चढते, खाडीच्या पाण्याचा एक थेंबही आत न येता. पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या दिवशी पंप बंद ठेवून, वजन बांधलेली मोजपट्टी तासातासाने बोअरमध्ये सोडली आणि प्रत्येक वेळी बाटलीभर पाणी काढून त्यातले क्षार मोजले, तर एका दिवसात उत्तर मिळते. भरतीबरोबर पातळी चढली आणि क्षार तेवढेच राहिले, तर खाली बंद थर आहे आणि झाकण धरून आहे. पातळीसोबत क्षारही चढले, तर खाडीला आत यायची वाट मिळाली आहे, आणि त्या बोअरचा उपसा त्याच दिवसापासून कमी करायला हवा. पातळी हललीच नाही, तर पाणी बहुधा उघड्या, वरच्या मुरुमातले आहे आणि त्याचे भवितव्य आसपासच्या चार-दोन गल्ल्यांतल्या उघड्या मातीवर ठरते. हेच मोजमाप पावसाळा संपल्यावर एकदा आणि मेअखेरीस एकदा केले, सोसायटीच्या वहीत तारखेनिशी लिहून ठेवले आणि शेजारच्या सोसायटीच्या वहीशी ताडून पाहिले, तर काही वर्षांत पवईची टेकडी कांजूरला अजून किती पाणी देते आहे याचा लेखी हिशेब तयार होईल.